फळवण्याआधी नव्वद दिवस: मादी जनावरांची प्रजननक्षमता आणि अँटिऑक्सिडंट पोषण

१९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांच्यासमोर एक कोडं होतं. त्यांच्या उंदरिणी खात होत्या, वाढत होत्या, गाभणही राहत होत्या. पण पिल्लं जन्माला येत नव्हती. गर्भ पोटातल्या पोटात विरघळून जात होता. आहारात लेट्यूसची हिरवी पानं घातली, पुढे गव्हाचे अंकुर दिले आणि उंदरिणी सुखरूप व्याल्या. त्या पानांत जे होतं त्याला आज आपण ई जीवनसत्त्व म्हणतो. त्याचं रासायनिक नाव टोकोफेरॉल. ग्रीकमध्ये 'टोकोस' म्हणजे बाळंतपण.

नावातच बाळंतपण असलेलं हे जीवनसत्त्व गोठ्यात आठवतं ते मात्र जनावर तिसऱ्यांदा उलटल्यावर, म्हणजे फळवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आल्यावर. मग घाईघाईने एक इंजेक्शन दिलं जातं, चार दिवस पावडर चारली जाते, आणि पुढचा माजही वाया गेला की 'यात काही दम नाही' असा निकाल लागतो. दम आहे, पण दिवस चुकलेले असतात. नव्याने जनावरं पाळायला घेतलेल्यांनी ही चूक पहिल्याच वेतात टाळावी, म्हणून हा लेख.

आधी समजून घ्या: बिघडतं कुठे

पेशी ऊर्जा तयार करते तेव्हा ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते समोर येईल त्याच्याशी भिडतात: पेशीच्या पडद्यातली चरबी, प्रथिनं, डीएनए. त्यांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. हे रेणू पूर्ण नष्ट व्हावेत असंही नाही. पुटिका (बीजकोशातली बीज वाढवणारी पिशवी) फुटून बीज बाहेर पडायला त्यांचीच थोडी मदत लागते. त्रास होतो तो तयार होण्याचा वेग आवरण्याच्या वेगापेक्षा वाढला की. उन्हाळ्याचा ताण, विण्याच्या सुमारास अंगातली चरबी झपाट्याने वितळणं, गर्भाशयाची सूज, बुरशी लागलेलं खाद्य, या सगळ्यांनी तो वाढतो.

मादीच्या शरीरात याची झळ तीन ठिकाणी जास्त बसते.

पहिलं ठिकाण बीज. गायीत पुटिका वाढायला लागल्यापासून ती फुटेपर्यंत सुमारे तीन महिने जातात. म्हणजे आज माजावर आलेल्या गायीचं बीज तीन महिन्यांपूर्वीच्या खाण्यावर पोसलेलं असतं.

दुसरं ठिकाण पीतपिंड, म्हणजे बीज बाहेर पडल्यावर त्याच जागी बीजकोशात तयार होणारा गोळा. शिकत असताना गायीचा बीजकोश पहिल्यांदा कापून पाहिला, तेव्हा आतला रंग बघून मी चमकलो होतो. बोराएवढा गोळा, आणि हळदीत घोळल्यासारखा पिवळाधमक. तो पिवळेपणा बीटा-कॅरोटीनचा. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हाच गोळा तयार करतो आणि ते करताना त्याच्या पेशीत अतिक्रियाशील रेणूंचा मारा सुरू असतो. म्हणून तिथे संरक्षणाचा साठा लागतो. हा गोळा दुबळा असला तर फळल्यावर पंधरा-सोळा दिवसांनी, म्हणजे गर्भाने 'मी आहे' असा संदेश आईला द्यायच्या ऐन वेळी, आधार सुटू शकतो. गाय एकविसाव्या दिवशी उलटते आणि आपण म्हणतो, ठरलीच नव्हती.

तिसरं ठिकाण वार, म्हणजे जार. वार गर्भाशयापासून सुटते ती आपोआप नव्हे. आईच्या पांढऱ्या पेशींनी तिला 'आता ही परकी' म्हणून ओळखून सोडवावं लागतं. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी असलं की या पेशी सुस्त पडतात. वार अडकली की गर्भाशयाचा दाह, त्यातून माज लांबणं, त्यातून भाकड दिवस वाढणं अशी साखळी सुरू होते. या पोषणाचा सगळ्यात ठळक फायदा मला विचाराल तर इथेच दिसतो. गर्भधारणेच्या टक्क्यांत तो इतका स्वच्छ दिसत नाही.

पायरी १: तारखेपासून उलटं मोजा

वही काढा. गाय विण्याची अपेक्षित तारीख लिहा. विल्यानंतर साधारण ६० दिवसांनी तिला फळवायचं असेल, तर त्या दिवसापासून ९० दिवस मागे जा. तुम्ही विण्याच्या ३० दिवस आधी येऊन पोहोचता. त्या वेळी गाय आटवलेली असते, दूध देत नसते, आणि बहुतेक गोठ्यांत तिला सगळ्यात निकृष्ट वैरण टाकलेली असते. 'भाकड आहे, तिला काय द्यायचं!' पुढचं बीज नेमकं तेव्हाच वाढीला लागलेलं असतं.

म्हणून वहीत तीन तारखा हव्यात: आटवण्याची, विण्याच्या २१ दिवस आधीची आणि फळवण्याची. पूरक आहार पहिल्या तारखेपासून सुरू, दुसऱ्या तारखेला थोडा वाढवायचा, तिसरीपर्यंत चालू ठेवायचा. विण्याच्या आगेमागे रक्तातलं ई जीवनसत्त्व तसंही घसरतं, कारण त्यातलं बरंचसं चिकात उतरतं आणि जनावराचं खाणंही कमी झालेलं असतं.

पायरी २: वैरणीकडे नीट बघा

पावडरचा डबा उघडण्याआधी वैरणीचा भारा उघडा. हात आत घालून मधली मूठ बाहेर काढा आणि बाहेरच्या काड्यांशेजारी धरा. मधली अजून हिरवट आणि बाहेरची फिकट तपकिरी दिसली, तर जे उडून गेलं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. उन्हाने कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व दोन्ही झपाट्याने नष्ट होतात.

ढोबळ क्रम असा लावता येतो: ताजा हिरवा चारा सगळ्यात वर, त्याखाली मुरघास (त्यातही मक्याचा कॅरोटीनमध्ये कमी) आणि सावलीत किंवा लवकर वाळवलेलं पानांसकट गवत, आणि तळाला पेंढा, ज्यात या दोन्हींचं नाव घेण्यासारखं काही उरत नाही. महिनोन्महिने पेंढ्यावर असलेलं जनावर पोट भरलेलं दिसतं, पण त्याचा साठा रिकामा होत जातो. अ जीवनसत्त्व यकृतात तीन-चार महिने पुरेल इतकं साठतं, ई जीवनसत्त्व तसं साठत नाही. जनावर रोज भरपूर हिरवं खात असेल तर ई जीवनसत्त्वावर वेगळा खर्च करायची गरज सहसा पडत नाही.

सेलेनियमचं गणित वेगळं. ते चाऱ्याच्या रंगावर नाही, जमिनीवर ठरतं. दोन शेतांतलं सारखंच हिरवंगार गवत, एकात पुरेसं सेलेनियम, दुसऱ्यात नगण्य. हे डोळ्यांना कळत नाही. चारा किंवा रक्त तपासूनच कळतं.

पायरी ३: कोण काय काम करतं ते ओळखा

ई जीवनसत्त्व पेशीच्या पडद्यात बसून तिथल्या चरबीत सुरू झालेली ऑक्सिडीकरणाची साखळी तोडतं. सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा) भाग आहे, आणि तो विकर पेशीच्या आतल्या पाण्यासारख्या भागात पेरॉक्साइड निकामी करतो. दोघं एकमेकांचा भार हलका करतात, पण एकाच्या जागी दुसरं पूर्ण चालत नाही.

तांबं, जस्त आणि मँगनीज हे सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकरासाठी लागतात. गायीच्या एकूण शुष्क आहारात तांबं १० ते १५ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम), जस्त ४० ते ६०, मँगनीज ४० च्या आसपास असलं की बहुधा भागतं. चांगल्या खनिज मिश्रणात ही तिन्ही असतात, म्हणून त्यांवर जास्त शाई खर्च करत नाही.

बीटा-कॅरोटीन दोन कामं करतं: काही भाग अ जीवनसत्त्वात बदलतो (गायीत १ मिलिग्रॅमपासून सुमारे ४०० आययू, म्हणजे जीवनसत्त्व मोजायची आंतरराष्ट्रीय एककं, धरतात), काही भाग तसाच बीजकोशात पोहोचतो. इथे जातीचा फरक लक्षात ठेवा. म्हैस, शेळी, मेंढी जवळजवळ सगळं कॅरोटीन आतड्यातच बदलून टाकतात, म्हणून त्यांचं दूध आणि चरबी पांढरी. गायीसाठी बनवलेला बीटा-कॅरोटीनचा महागडा पूरक आहार म्हशीला घालण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. तिला अ जीवनसत्त्व पुरेसं मिळालं की झालं.

आणि क जीवनसत्त्व? माणसांच्या जाहिरातींमुळे सगळ्यांना तेच आधी आठवतं. रवंथ करणारी जनावरं ते स्वतःच्या यकृतात बनवतात, आणि तोंडावाटे साधी पावडर दिली तर तिचा बराचसा भाग पोटातले जंतूच फस्त करतात. पैसे वाचवा.

पायरी ४: हिशेब करा, अंदाज नको

इथे नवखे लोक चुकतात, म्हणून एक उदाहरण सावकाश सोडवू.

६०० किलोची आटवलेली गाय दिवसाला १२ किलो शुष्क पदार्थ खाते असं धरा. (शुष्क पदार्थ म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरलेलं वजन, हिरव्या चाऱ्याच्या वजनावर हा हिशेब केलात तर सगळंच चुकेल.)

सेलेनियम: लक्ष्य ०.३ पीपीएम, म्हणजे किलोला ०.३ मिलिग्रॅम. १२ गुणिले ०.३ म्हणजे दिवसाला ३.६ मिलिग्रॅम. वर्षभराचं मिळून सव्वा ग्रॅमच्या जरा वर. चिमूटभरही नाही! म्हणून सेलेनियम कधीही सुटं आणून घरी मिसळू नका. ते आधीच पातळ केलेल्या मिश्रणातूनच द्यायचं.

आता पिशवीवरचा मजकूर वाचा. समजा खनिज मिश्रणात किलोला २० मिलिग्रॅम सेलेनियम आहे आणि तुम्ही रोज १०० ग्रॅम देता, तर गायीला २ मिलिग्रॅम मिळालं. शिवाय आंबोण विकतची असेल आणि तिच्यात ०.३ पीपीएम असेल, तर ३ किलोतून ०.९ मिलिग्रॅम. एकूण २.९. उरलेलं चाऱ्यातून येत असेल तर काम झालं. वर आणखी डबा नको. हाच हिशेब न करता मिश्रण, आंबोण, चाटण वीट आणि इंजेक्शन अशा चार वाटांनी सेलेनियम देणारे गोठे मी पाहिले आहेत. प्रत्येक वाट सुचवणारा माणूस वेगळा असतो, बेरीज कोणीच करत नाही.

ई जीवनसत्त्व: साठवलेल्या वैरणीवर असलेल्या आटवलेल्या गायीला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ आययू, म्हणजे दिवसाला हजाराच्या आसपास. शेवटच्या २१ दिवसांत किलोमागे ३ आययू, म्हणजे १,८००. विल्यावर ५०० च्या आसपास पुरतं. बाजारात ५० टक्के पावडर मिळते, तिच्या एका ग्रॅममध्ये ५०० आययू असतात. म्हणजे आधी रोज २ ग्रॅम, शेवटच्या तीन आठवड्यांत साडेतीन ग्रॅमच्या आसपास.

अ जीवनसत्त्व: किलोमागे ११० आययू, म्हणजे या गायीला दिवसाला ६६,०००.

साठवणुकीबद्दल एकच सांगतो. जीवनसत्त्वं आणि खनिजं एकाच पिशवीत दमट जागी महिनोन्महिने राहिली तर तांबं आणि लोहच जीवनसत्त्वांना खातात. बनवल्याची तारीख बघा, पिशवी जमिनीवर टेकवू नका, तोंड घट्ट बांधा.

पायरी ५: आतून पोखरणारे शोधा

सगळं मोजून दिलं तरी फरक पडत नाही, तेव्हा बहुधा काहीतरी उलटं काम करत असतं.

पाण्याची टाकी बघा. कडेला तांबूस थर धरत असेल तर पाण्यात लोह जास्त आहे. जादा लोह स्वतःच ऑक्सिडीकरण वाढवतं आणि तांब्याचं शोषणही अडवतं. पाण्यात गंधक जास्त किंवा चाऱ्यात मोलिब्डेनम जास्त असेल तरीही तांबं पोटातच बांधलं जातं. अशा गोठ्यात पिशवीवरचा आकडा पुरेसा दिसतो आणि जनावराच्या डोळ्यांभोवतीचे केस मात्र फिके पडत जातात.

खवट तेल किंवा खवट पेंड वासाने ओळखता येते. खवटपणा म्हणजेच ऑक्सिडीकरण झालेली चरबी, आणि ती ई जीवनसत्त्व खर्ची टाकते. तेलबिया किंवा माशाचं तेल ताजं असलं तरी त्यातल्या असंपृक्त चरबीमुळे ई जीवनसत्त्वाची गरज वाढते.

आणि जनावराची अंगकाठी. आटवताना गाय गुबगुबीत झाली असेल, अंगावरची चरबी पाहून दिल्या जाणाऱ्या १ ते ५ गुणांत साडेतीनच्या वर, तर विल्यावर ती खाणं कमी करते आणि चरबी वितळवत बसते. त्या वितळणाऱ्या चरबीचा ताण कोणतीही पावडर पुरती भरून काढत नाही. आधी अंगकाठी, मग अँटिऑक्सिडंट.

पायरी ६: जास्त म्हणजे चांगलं नव्हे

२००९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या एका पोलो स्पर्धेच्या वेळी २१ घोडे काही तासांत मेले. त्यांना जीवनसत्त्वं आणि खनिजांचं इंजेक्शन दिलं होतं, आणि ते बनवताना सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. सेलेनियममध्ये गरज आणि विष यांतलं अंतर फार कमी. गरज ०.३ पीपीएम, आणि ५ पीपीएमच्या पुढे दीर्घकाळ गेलं की खूर तडकतात, शेपटीचे आणि आयाळीचे केस गळतात. म्हणून सेलेनियमचं इंजेक्शन वजन मोजून, पशुवैद्यकाच्याच हातून.

ई जीवनसत्त्व त्या मानाने निरुपद्रवी, असं सगळे म्हणत आले. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका चाचणीत आटवलेल्या गायींना रोज ३,००० आययू दिल्यावर दगडीचं, म्हणजे कासदाहाचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. पुरेसा साठा असलेल्या जनावरात आणखी ओतलं की गाडी उलट दिशेनेही जाऊ शकते.

मेंढ्या पाळत असाल तर हे भिंतीवर लिहून ठेवा: गायीचं खनिज मिश्रण मेंढीला घालायचं नाही. मेंढीच्या यकृतातून तांबं सहज बाहेर पडत नाही. आहारात १५ पीपीएमच्या वर दीर्घकाळ राहिलं तर साठत जातं आणि एक दिवस अचानक लाल लघवी, कावीळ आणि मृत्यू. शेळी त्या मानाने सोसते.

इतर जनावरांबद्दल थोडक्यात

शेळी-मेंढीचा गाभणकाळ १५० दिवसांचा, त्यातले शेवटचे सहा ते आठ आठवडे महत्त्वाचे. सेलेनियम वारेतून पिल्लाकडे जातं, ई जीवनसत्त्व मात्र फारच थोडं. ते चिकातूनच मिळतं. जन्मलेलं करडू ताठ पायांनी चालतंय किंवा उठतच नाहीये, तर तो आईच्या आहारावरचा शेरा समजा. मादी डुकरांच्या खाद्यात किलोला ४४ आययू ई जीवनसत्त्व आणि ०.१५ पीपीएम सेलेनियम हे नेहमीचं प्रमाण. वेत वाढत जातं तसा तिचा साठा घटतो, म्हणून जुन्या माद्यांकडे जास्त लक्ष. घोडी हिरव्या कुरणावर असेल तर ई जीवनसत्त्वाची चिंता सहसा नको. वर्षभर वाळल्या गवतावर असेल तर करावी लागते.

पायरी ७: फरक पडला का, हे कसं ओळखायचं

एखादी गाय ठरली म्हणून नाचू नका, एखादी उलटली म्हणून सोडून देऊ नका. वहीत प्रत्येक वेतासमोर चार रकाने ठेवा: वार किती तासांत पडली, पहिला माज कितव्या दिवशी, किती वेळा फळवली, शेवटी ठरली का. वार १२ तासांत पडायला हवी. २४ तास उलटले तर अडकली असंच लिहा. पहिला बदल याच रकान्यात दिसतो, दोन-तीन महिन्यांत. गर्भधारणेचा रकाना बोलायला अर्धं वर्ष घेतो, आणि दहा-वीस तरी वेतं हाताशी आल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

वार अडकण्याची कारणं आणखीही असतात: जुळी वासरं, दिवस न भरता विणं, कॅल्शियमची कमतरता. गाभडण्याबरोबर वार अडकत असेल तर ब्रुसेला (गाभडवणारा जंतू) तपासून घ्या, आणि उघड्या हाताने वार ओढू नका. तो आजार माणसाला होतो. तसंच उलटणाऱ्या गायीच्या बाबतीत माज ओळखण्याची वेळ, रेतनाचं तंत्र आणि गर्भाशयाचा दाह या तीन गोष्टी आधी तपासा. माज संध्याकाळी दिसला आणि रेतन दुसऱ्या दिवशी रात्री झालं, तर जगातलं सगळं सेलेनियम घालून उपयोग नाही.

रक्त तपासायचं ठरलं तर एका जनावराचं नको. विण्याला दोन-तीन आठवडे उरलेल्या पाच-सात गायींचं घ्या. रक्तद्रवात ई जीवनसत्त्व मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरा. सेलेनियमसाठी संपूर्ण रक्तातला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मागच्या काही महिन्यांचं चित्र दाखवतो, कारण लाल पेशी तयार होताना मिळालेलं सेलेनियमच त्यात असतं. काल सुरू केलेल्या पावडरचा त्यावर काही परिणाम दिसणार नाही. तांब्याच्या बाबतीत रक्त फसवतं: यकृतातला साठा संपत आला तरी रक्तातला आकडा बराच काळ ठीक दिसतो. नळ्या हातात आल्या की लगेच चंदेरी कागदात गुंडाळा आणि थंड ठेवा. खिडकीत ठेवलेली नळी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत अ आणि ई जीवनसत्त्वांचे आकडे प्रकाशानेच खाली आणलेले असतात, आणि मग कमतरता गायीची की नळीची, हे कोणालाच सांगता येत नाही.